डार्विनची वाळलेली पाने: गॅलापागोसच्या वनस्पतींची साक्ष

१/ चार्ल्स डार्विन गॅलापागोस बेटांवर उतरला, तेथील फिंच पक्ष्यांच्या निरनिराळ्या चोची त्याने पाहिल्या आणि त्याला उत्क्रांतीचा सिद्धांत सुचला. ही गोष्ट बहुतेकांनी शाळेत ऐकलेली असते. ती सुटसुटीत आहे आणि लक्षात राहते. मात्र डार्विनच्या वह्या, त्याची पत्रे आणि त्याने गोळा केलेले नमुने तिला दुजोरा देत नाहीत. (थ्रेड)

२/ बेटाबेटांतील फरक आकड्यांत मांडता येईल असा पुरावा डार्विनला मिळाला तो वनस्पतींकडून. कागदांत दाबून वाळवलेल्या या वनस्पती इंग्लंडमध्ये पोहोचल्यावर सुमारे सात वर्षे जवळजवळ दुर्लक्षित पडून होत्या. त्या संग्रहाची आणि त्यातील ‘स्कॅलेशिया’ या विलक्षण झाडाची ही हकीकत.

३/ ‘बीगल’ जहाजाने २७ डिसेंबर १८३१ रोजी प्लिमथ बंदर सोडले तेव्हा डार्विन २२ वर्षांचा होता. या सफरीची संधी त्याला मिळाली ती केंब्रिजमधील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो यांच्या शिफारशीमुळे. डार्विन त्यांच्या व्याख्यानांना नेमाने बसे आणि त्यांच्याबरोबर पायी भटकंती करी. वनस्पती कशी खुडावी, कशी दाबावी आणि सोबत काय लिहून ठेवावे, हे त्याने त्यांच्याकडूनच पाहिले होते.

४/ हेन्स्लोंची एक पद्धत होती. एकाच जातीचे अनेक नमुने ते एकाच कागदावर शेजारी शेजारी चिकटवीत आणि प्रत्येकाखाली तो कोठे व केव्हा मिळाला याची नोंद करीत. एका जातीच्या मर्यादेत किती फरक असू शकतो, हे त्यांना पाहायचे होते. जाती स्थिर असतात, त्या बदलत नाहीत, असे स्वतः हेन्स्लो मानत असत. पुढे त्यांच्याच शिस्तीतून या समजुतीविरुद्धचा पुरावा उभा राहिला.

५/ सप्टेंबर १८३५ च्या मध्यास ‘बीगल’ गॅलापागोसला पोहोचले आणि २० ऑक्टोबरला तेथून निघाले. या सुमारे पाच आठवड्यांत डार्विनला चार बेटांवर उतरता आले. इंग्रज खलाशी त्यांना चॅटम, चार्ल्स, अल्बमार्ल आणि जेम्स म्हणत. आज त्यांची नावे अनुक्रमे सान क्रिस्तोबाल, फ्लोरेआना, इसाबेला आणि सान्तियागो अशी आहेत. पुढे हीच नावे वापरली आहेत.

६/ ही बेटे इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर पश्चिमेला आहेत. ती समुद्रतळावरील ज्वालामुखींतून वर आली आणि खंडाशी कधीच जोडलेली नव्हती. म्हणजे तेथे आज जे काही उगवते, त्याचा पूर्वज केव्हातरी वारा, लाट किंवा पक्षी यांच्या आधारे समुद्र ओलांडून आलेला असला पाहिजे. किनाऱ्याची पट्टी रखरखीत असते. उंच बेटांच्या माथ्यावर मात्र धुके साचते आणि तेथे हिरवे, दमट रान वाढते. एकाच बेटावर काही तासांच्या चढणीत हवामान पालटते.

७/ फ्लोरेआना बेटावर निकोलस लॉसन हे उपगव्हर्नर होते. कासव पाहून ते कोणत्या बेटावरचे आहे हे आपण सांगू शकतो, असे त्यांनी डार्विनला सांगितले. या बोलण्याचे मोल डार्विनला त्या क्षणी उमगले नाही. दोन बेटांवरचे नमुने तोवर काही अंशी एकत्र झाले होते, अशी कबुली त्याने नंतर आपल्या प्रवासवर्णनात दिली. एकमेकांपासून दिसतील एवढ्या अंतरावरच्या बेटांवर वेगवेगळे जीव असतील, अशी त्याची कल्पनाच नव्हती.

८/ या गोंधळाचा सर्वांत मोठा फटका फिंच पक्ष्यांना बसला. कोणता पक्षी कोणत्या बेटावर मारला, याची नोंद डार्विनने बहुतेक ठिकाणी केलेली नव्हती. त्यांतील काही पक्षी फिंच आहेत, हेही त्याला तेथे ओळखता आले नाही. पुढे बेटांची नावे जुळवताना त्याला कॅप्टन फिट्झरॉय आणि जहाजावरील इतरांच्या संग्रहांचा आधार घ्यावा लागला. मॉकिंगबर्ड पक्ष्यांच्या नोंदी मात्र त्याने बेटवार ठेवल्या होत्या. परतीच्या वाटेवर त्याच्या मनात पहिली शंका आली ती त्यांच्यामुळे.

९/ वनस्पतींची गोष्ट वेगळी होती. गॅलापागोसची झाडे प्रथमदर्शनी डार्विनला खुरटी आणि मरतुकडी वाटली. तरी फुलावर आलेले जे जे दिसेल ते ते गोळा करायचे, असा त्याचा प्रयत्न होता. आपल्या टिपणवहीत त्याने एक प्रश्न लिहिला: येथील पक्ष्यांत दक्षिण अमेरिकेची खूण दिसते, ती वनस्पतिशास्त्रज्ञाला झाडांतही दिसेल काय? उत्तर त्याच्यापाशी नव्हते. पण प्रत्येक बेटावरच्या वनस्पती त्याने वेगळ्या ठेवल्या. गुरूंची सवय येथे उपयोगी पडली.

१०/ ऑक्टोबर १८३६ मध्ये डार्विन इंग्लंडला परतला. जानेवारी १८३७ मध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने सांगितले की, हे विविध चोचींचे पक्षी एकमेकांचे जवळचे नातलग असून फिंचांचाच एक खास गट आहेत. मॉकिंगबर्डसुद्धा बेटागणिक निराळे ठरले. त्याच वर्षी जुलैमध्ये डार्विनने जातींच्या बदलाविषयीची पहिली वही उघडली. कल्पना रुजली होती, परंतु तिच्यामागचा आधार तोकडा होता: थोडे पक्षी आणि त्यांतील बऱ्याच जणांचा पत्ता हरवलेला. कासवे तर खाण्यासाठी जहाजावर घेतलेली. त्यांची कवचेही राहिली नाहीत.

११/ आता भिस्त वनस्पतींवर होती. त्या हेन्स्लोंकडे सुपूर्त झाल्या होत्या. हेन्स्लोंनी १८३७ मध्ये त्यांतील निवडुंगाचे वर्णन प्रसिद्ध केले, पण काम तेथेच अडले. याच सुमारास सफोक परगण्यातील हिचम या गावच्या चर्चची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेथील शेतकरी, शाळा आणि गरिबांची दैना यांत ते पूर्णपणे गुंतले. गॅलापागोसची पाने कागदांत तशीच राहिली.

१२/ ही कोंडी फुटली ती जोसेफ डाल्टन हूकर या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञामुळे. ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ या जहाजांच्या अंटार्क्टिक मोहिमेवरून तो १८४३ मध्ये परतला होता. वय २६, आणि दक्षिणेकडील अनेक बेटांच्या वनस्पती डोळ्यांखालून गेलेल्या. गॅलापागोसचा संग्रह आता त्याच्याकडे आला. डार्विन आणि हूकर यांच्यातील जन्मभराच्या पत्रव्यवहाराची सुरुवात याच कामातून झाली.

१३/ ११ जानेवारी १८४४ चे पत्र विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. जाती अपरिवर्तनीय नसतात असे आपले जवळजवळ मत झाले आहे, आणि हे सांगणे म्हणजे खुनाची कबुली देण्यासारखे आहे, असे डार्विनने त्यात हूकरला कळवले. हीच व्यक्ती त्या काळात गॅलापागोसची पाने भिंगाखाली तपासत होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. डार्विनने आपले गुपित ज्याच्यापाशी उघड केले, तोच त्याच्या पुराव्याचा परीक्षक होता. आणि हूकर सहजासहजी पटवून घेणारा माणूस नव्हता.

१४/ तपासणीचा निष्कर्ष आला तो डार्विनच्या अपेक्षेपलीकडचा होता. बेटाबेटांच्या वनस्पतींतील फरक पाहून हूकरही चकित झाला. जुलै १८४५ मध्ये डार्विनने त्याला लिहिले की, या निष्कर्षांनी आपल्याला आनंदही झाला आणि आश्चर्यही वाटले. वेगवेगळ्या बेटांवरचे प्राणी वेगळे असतात हे आपले विधान प्रसिद्ध तर केले होते, पण त्याविषयी मनात सतत धास्ती होती. ती धास्ती वनस्पतींनी दूर केली.

१५/ प्रवासवर्णनाची दुसरी आवृत्ती त्याच वर्षी निघाली. तीत डार्विनने हूकरच्या कामावरून एक तक्ता दिला. सान्तियागो बेटावरील ज्ञात वनस्पती ७१ जातींच्या. त्यांपैकी ३८ जाती केवळ या द्वीपसमूहातल्या आणि त्या ३८ पैकी ३० फक्त त्याच एका बेटावर आढळलेल्या. इसाबेलावर अशा खास २६ जातींपैकी २२, फ्लोरेआनावर २९ पैकी २१ आणि सान क्रिस्तोबालवर १६ पैकी १२ जाती त्या त्या बेटापुरत्या होत्या.

१६/ हे आकडे केवळ बेटवार नोंदीमुळे शक्य झाले. सर्व वनस्पती एकाच गठ्ठ्यात येऊन पडल्या असत्या तर हूकरने त्यांना नावे दिली असती, गॅलापागोसची यादी तयार झाली असती आणि विषय तेथेच संपला असता. फिंचांच्या बाबतीत नेमके तेच झाले. नमुना तोच असतो. तो कोठून उचलला हे माहीत असेल तर तो साक्षीदार ठरतो. जमिनीतून काढलेल्या नाण्याचा थर नोंदवलेला नसेल तर पुरातत्त्वज्ञाची जी अडचण होते, तीच ही अडचण.

१७/ या संग्रहातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे स्कॅलेशिया. ही सूर्यफुलाच्या कुळातील प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा एक गट, गॅलापागोसखेरीज जगात कोठेही निसर्गतः आढळत नाही. नावाची कथाही गमतीची आहे. स्टेबल्स नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाच्या सन्मानार्थ अरनॉट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये हे नाव दिले, पण आडनाव ‘स्केल्स’ असे वाचले गेले. चूक छापली गेली आणि कायम झाली.

१८/ डार्विनने स्कॅलेशियाच्या सहा जाती नोंदवल्या: सान क्रिस्तोबाल, इसाबेला आणि फ्लोरेआनावर प्रत्येकी एक, सान्तियागोवर दोन, आणि सहावी शेवटच्या तीन बेटांपैकी एकावर, नेमकी कोणत्या, ते ठाऊक नव्हते. सहांपैकी एकही जात दोन बेटांवर वाढत नाही, असे त्याने ठासून लिहिले. एका जातीचे बेट हुकले तेही त्याने लपवले नाही. नोंदीची किंमत आता त्याला पुरती कळली होती.

१९/ आज स्कॅलेशियाच्या सुमारे १५ जाती मानल्या जातात. बहुतेक झुडुपे आहेत आणि रखरखीत लाव्हावर वाढतात. काहींची पाने अरुंद व लवदार, तर काहींची इतकी खाचदार की ती पिसासारखी दिसतात. याउलट स्कॅलेशिया पेडन्क्युलाटा हा धुक्याच्या पट्ट्यातील १५ मीटरपर्यंत किंवा त्याहूनही उंच जाणारा वृक्ष आहे. त्याची पाने रुंद आणि अखंड असतात. याची रीतसर नोंद हूकरनेच केली. सूर्यफुलाच्या भावकीतील झाडांचे येथे अरण्य झाले आहे.

२०/ असे का घडावे? ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या १८५९ च्या ग्रंथात डार्विनने बेटांवरच्या अशा झाडांविषयी विचार मांडला आहे. मोठ्या वृक्षांची बीजे दूरच्या बेटावर पोहोचण्याची शक्यता कमी. एखादी लहान वनस्पती मात्र पोहोचते. तेथे उंच वृक्षांशी स्पर्धा नसते. शेजारच्या झुडुपांपेक्षा जी थोडी उंच वाढेल तिला प्रकाश अधिक मिळतो, आणि पिढ्यानुपिढ्या हा लाभ साठत गेला तर झुडपाचा वृक्ष होतो.

२१/ एका पूर्वजापासून निघालेल्या शाखांनी वेगवेगळ्या परिस्थितींत वेगवेगळी रूपे घ्यावीत, या प्रक्रियेला आज ‘अनुकूली प्रसरण’ म्हणतात. मूळ इंग्रजी संज्ञा ‘अॅडॅप्टिव्ह रेडिएशन’. ती हेन्री फेअरफिल्ड ऑसबर्न या अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये रूढ केली. डार्विनपाशी हा शब्द नव्हता. जनुकीय अभ्यासांनुसार स्कॅलेशियाचे जवळचे नातलग दक्षिण अमेरिकेत आहेत आणि त्यांचा गॅलापागोसवरील विस्तार भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी अलीकडचा आहे. टिपणवहीतील त्या जुन्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी ठरले.

२२/ बीजे समुद्र ओलांडून आली कशी, यावर मात्र दोघा मित्रांत वर्षानुवर्षे वाद चालला. पूर्वी जमिनीचे पूल असावेत आणि ते नंतर बुडाले असावेत, याकडे हूकरचा कल होता. डार्विनने घरीच बीजे मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली. ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकार २८ दिवसांनंतरही रुजले. हूकर तरीही लगेच नमला नाही. १८६६ मध्ये नॉटिंगहॅम येथे बेटांवरील वनस्पतींविषयी दिलेल्या व्याख्यानात त्याने दोन्ही बाजू तोलून मांडल्या. मैत्रीत मतभेद आणि मतभेदात मैत्री, दोन्ही टिकली.

२३/ डार्विनची सगळी विधाने टिकली असेही नाही. स्कॅलेशिया पेडन्क्युलाटा हा वृक्ष एकाहून अधिक बेटांवर वाढतो, हे नंतरच्या संग्रहांतून स्पष्ट झाले आणि जुन्या याद्यांतील काही जाती एकत्र कराव्या लागल्या. पण ही दुरुस्ती शक्य झाली तीही त्याच कारणामुळे: नमुना, नाव आणि बेट एकत्र नोंदवलेले होते. पडताळता येईल असे लिहिले तरच चूक सापडते.

२४/ मग प्रसिद्धी फिंचांना का मिळाली? ‘ओरिजिन’मध्ये गॅलापागोसच्या फिंचांची चर्चा नाही, हूकरच्या वनस्पतिविषयक लेखाचा मात्र गौरवाने उल्लेख आहे. ‘डार्विनचे फिंच’ हा शब्दप्रयोग १९३६ मध्ये पर्सी लो याने केला आणि डेव्हिड लॅकच्या १९४७ मधील त्याच नावाच्या ग्रंथाने तो सर्वतोमुखी झाला. लॅकचे संशोधन भक्कम होते. पण कीर्तीचा प्रकाश मागे शंभर वर्षे सरकला आणि जणू डार्विनला हे सारे बेटावरच दिसले, असा समज दृढ झाला. १९८० च्या दशकात फ्रँक सुलोवे या इतिहासकाराने मूळ नोंदी तपासून ही दंतकथा उलगडली.

२५/ या कथेचा शेवट अजून व्हायचा आहे. सान्ता क्रूझ बेटावरील स्कॅलेशियाचे अरण्य पूर्वी मोठ्या क्षेत्रावर पसरले होते. शेतीसाठी झालेल्या तोडीमुळे त्याचा अगदी लहानसा अंश आता शिल्लक आहे. सान्तियागोवर माणसांनी सोडलेल्या शेळ्यांनी स्कॅलेशियाची एक जात जवळजवळ संपवली होती. मोठ्या मोहिमेनंतर २००६ पर्यंत ते बेट शेळ्यांपासून मुक्त झाले आणि कुंपणाआड राखलेल्या मोजक्या झाडांना पुन्हा पसरण्याची संधी मिळाली.

२६/ उरलेल्या अरण्यावर आज सर्वांत मोठे संकट आहे ते एका काटेरी रास्पबेरीचे. तिचे शास्त्रीय नाव रुबस निवियस. इंग्रजीत तिला ‘म्हैसूर रास्पबेरी’ म्हणतात, कारण ती मूळची भारतासह आशियातली. १८४८ ते १८५० या काळात हूकर हिमालयात हिंडला आणि पुढे त्याने ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ हा सात खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याच भूमीतील हे झुडूप माणसाच्या हाताने गॅलापागोसला गेले. त्याच्या दाट जाळीखाली प्रकाश पोहोचत नाही, आणि स्कॅलेशियाच्या रोपाला वाढायला प्रकाशच हवा असतो.

२७/ समुद्राने बेटे वेगळी ठेवली म्हणून लाखो वर्षांत त्यांच्यावर निरनिराळी झाडे घडली. जहाजांनी ते अंतर दोन-तीन शतकांत मिटवले. ज्या अलगपणाची नोंद डार्विनच्या कागदांवर आहे, तो जमिनीवर झपाट्याने पुसला जात आहे. म्हणून ते जुने नमुने आता केवळ स्मृतिचिन्हे राहिलेले नाहीत. १८३५ मध्ये कोणत्या बेटावर काय उगवत होते, हे सांगणारा तो अस्सल दस्तऐवज आहे आणि अरण्य पुन्हा उभे करू पाहणाऱ्यांनाही त्याचा आधार आहे.

२८/ डार्विनचे हे कागद आज केंब्रिज विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात आहेत. पाने तपकिरी झाली आहेत, फुलांचा रंग उडाला आहे. त्यांच्यामागे एका २६ वर्षांच्या मुलाची घाई आहे: बोट सुटण्यापूर्वी फुललेली फांदी खुडायची, कागदात दाबायची आणि ती कोणत्या बेटावरची हे विसरण्याआधी टिपून ठेवायचे. फिंचांच्या वेळी ते राहून गेले. वनस्पतींच्या वेळी राहिले नाही.